एडिसनमधील एक दवाखाना आणि मेडिकेअरची कपात

न्यू जर्सीतील एडिसनमध्ये माझी आई गेली सहा वर्षे ज्या दवाखान्यात जाते, तेथील उपचारांविषयी माझी काहीही तक्रार नाही. डॉक्टर तिच्या औषधांच्या नारिंगी बाटल्या टेबलावर ओळीने मांडतात आणि कोणती गोळी केव्हा घ्यायची, हे तिच्याच तोंडून वदवून घेतात. एवढा वेळ आजकाल कोण देते?

अडचण आहे ती प्रतीक्षेची. एक मदतनीस कमी झाल्यापासून रक्तदाबही डॉक्टर स्वतःच मोजतात आणि पुढची वेळ पाच आठवड्यांनंतरची मिळते. यामागचे एक कारण मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या अमेरिकी सरकारी आरोग्य विम्याच्या, दरांत आहे, कारण भाडे आणि पगार वाढत असताना 2025 मध्ये डॉक्टरांच्या मोबदल्याचा मूळ दर 33.29 डॉलरवरून 32.35 डॉलरवर, म्हणजे 2.83 टक्क्यांनी, खाली आणला गेला. मार्चमध्ये डॉक्टर एक दिवस दवाखाना बंद ठेवून सहकाऱ्यांसह वॉशिंग्टनला लोकप्रतिनिधींना भेटायला गेले. त्या दिवशी आमची खेप वाया गेली, तरी मला त्यांचे जाणे योग्यच वाटते. 1997 च्या कायद्यातील सूत्राने ठरणारी कपात अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) 2003 ते 2014 या काळात सतरा वेळा टाळली आणि 2015 मध्ये ते सूत्रच रद्द केले, त्यामागे डॉक्टरांचा असाच पाठपुरावा होता. 2026 साठी मिळालेली 2.5 टक्के वाढही एकाच वर्षापुरती आहे.

नव्याने जाणाऱ्यांनी मेडिकेअरचे नवे रुग्ण घेतात का, हे आधी फोनवर विचारावे आणि सकाळची पहिली वेळ मागावी.