दाबोळी की मोपा? एका पणजीकराचं मत

गोव्यात आता दोन विमानतळ, उत्तरेला मोपा आणि दक्षिणेला दाबोळी. एकापासून दुसरा किती लांब, हे बाहेरून येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. रस्त्याने 60-65 किमी धरा, मॅप दीड तासाच्या आसपास दाखवतो, पण एकीकडे उतरून दुसरीकडून पुढचं विमान पकडायचं असेल तर मी तरी चार तासांच्या खाली सुचवणार नाही.

मडगाव-काणकोणवाल्यांना दाबोळी, पेडणे-सावंतवाडीवाल्यांना मोपा, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. पंचाईत आमची, पणजीवाल्यांची. दाबोळी साधारण 30 किमी, मोपा 35 च्या आसपास, म्हणजे कागदावर सारखंच.

गंमत अशी की डिसेंबर 2022 मधे मोपाचं उद्घाटन झालं आणि त्याच महिन्यात दाबोळीच्या वाटेवरच्या झुआरी नदीवरील नव्या पुलाची एक बाजू सुरू झाली. त्याआधी दाबोळी म्हणजे जुगारच, पुलाअलीकडे आगशीला ब्रेकलाइटची लाल रांग दिसली की पोटात गोळा यायचा. ते संपलं, आता बांबोळी-कुठ्ठाळी-चिखली करत आरामात पोचतो. आणि झुआरीवरचा सगळा जॅम जसा काही उचलून मोपाच्या वाटेवर पर्वरीत आणून ठेवला, तिथे उड्डाणपुलाचं काम निघालं ना!

माझं मोपावरून रात्री आठचं विमान होतं, पाचला घरातून निघालो. मांडवी पूल ओलांडला आणि खलास. समोर खडीचा ट्रक, डावीकडे ठोकलेले पत्रे, काचेवर एवढी धूळ की वायपर मारला तर चिखल झाला, पर्वरी पार करायलाच पन्नास मिनिटं, वर म्हापशाचं वेगळंच. काउंटर बंद व्हायला पाच मिनिटं असताना पोचलो. दाबोळीचं तिकीट हजार रुपयांनी महाग म्हणून मीच मोपा घेतलेलं. बायको एवढंच म्हणाली, "आता बस मोजत वाचलेले हजार."

मोपाला नावं ठेवायची नाहीत हां. टर्मिनल ऐसपैस आहे, धारगळहून आत जाणारा नवा रस्ता तर एकदम मस्त, आणि पहाटेचं विमान असेल तर चार वाजता पर्वरी रिकामी असते, मी चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत गेलोय. दाबोळी पडली नौदलाची धावपट्टी, आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळचा वेळ त्यांच्या सरावाला, त्यामुळे वेळांना चॉइस कमी. पण दुपारनंतरचं विमान असेल तर मी हजार-बाराशे जास्त देऊन दाबोळीच घेतो, पर्वरीचं काम संपलं की कदाचित मत बदलेनही.

आणि बुक करताना कोड बघा, नुसतं 'गोवा' बघून पुढे जाऊ नका. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. मी एकदा जाताना दाबोळी, येताना स्वस्त मिळालं म्हणून न बघता मोपा घेतलं. गाडी दाबोळीच्या पार्किंगमधे आणि मी कदंबच्या बसमधे, परत पर्वरीत.