कांजण्या की हँड फूट माउथ? शाळा कधी, आणि घरात कुणाला जपायचं

अंगावर पुरळ, बारीक ताप, आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकामागून एक 'आमच्याकडेही' असे निरोप. एवढं कळलं की बहुतेक घरांत दोन गोष्टी होतात: मुलाला वेगळ्या खोलीत झोपवतात आणि सॅनिटायझरची मोठी बाटली येते. कांजण्या असतील तर सॅनिटायझरने फार काही साधत नाही, कारण तो विषाणू हवेतून जातो. हँड फूट माउथ असेल तर अल्कोहोलचं सॅनिटायझर त्या विषाणूवर पुरेसं चालत नाही आणि बंद खोलीही कामाची नाही, कारण तिथे प्रसार मुख्यतः शौचातून, लाळेतून आणि फोडांतल्या पाण्यातून होतो. म्हणून आधी रोगाचं नाव पक्कं करायचं आणि मग कामाला लागायचं.

ओळखायचं कसं

कांजण्यांचा पुरळ पोट, पाठ, चेहरा आणि डोक्याच्या केसांत सुरू होतो. तीन-चार दिवस नवे फोड येत राहतात, त्यामुळे एकाच वेळी पाठीवर लाल ठिपका, पाण्याने भरलेला फोड आणि सुकलेली खपली असं तिन्ही दिसतं. हीच सर्वांत भरवशाची खूण. खाज जबरदस्त असते. लस न घेतलेल्या मुलाला २५० ते ५०० फोड येणं नेहमीचं आहे. तळहात-तळपायांवर ते कमीच असतात.

हँड फूट माउथमध्ये सुरुवात तोंडापासून होते. एक-दोन दिवस ताप, घसा दुखतो, मूल आवडीचा घाससुद्धा ढकलून देतं, लाळ गळते. मग जिभेवर आणि गालांच्या आतून व्रण दिसतात आणि त्याच सुमाराला तळहात, तळपाय, कुल्ले, गुडघे यांवर लहान फोड उठतात. ते खाजण्यापेक्षा दुखतात. बहुतेक रुग्ण पाच वर्षांखालचे असतात.

गोंधळ होतो तो कॉक्सॅकी ए६ या प्रकाराने. हँड फूट माउथ घडवणाऱ्या विषाणूंपैकी हा एक, पण पुरळ हात-पायभर आणि तोंडाभोवती पसरवतो, फोड मोठे असतात, आणि मोठी मुलं व पालकही आजारी पडतात. लांबून पाहिलं तर कांजण्याच वाटतात. अशा वेळी डोक्याच्या केसांत बोटं फिरवून पाहा: तिथे फोड आणि सगळ्या अवस्था एकत्र दिसल्या तर पारडं कांजण्यांकडे झुकतं. उलट, कांजण्यांची लस घेतलेल्या मुलाला कांजण्या झाल्याच तर ५० पेक्षाही कमी ठिपके येतात, कधी त्यांत पाणीच भरत नाही, आणि घरचे 'डास चावले असतील' म्हणून सोडून देतात. शंका असेल तर डॉक्टरांनी पाहीपर्यंत दोन्हींची काळजी घ्या. दवाखान्यात जाण्याआधी फोन करून पुरळ आहे असं सांगा, म्हणजे तान्ह्या बाळांच्या आणि गरोदर बायकांच्या गर्दीत बसावं लागणार नाही.

तिसरी शक्यता विसरायची नाही. तीन-चार दिवस जोराचा ताप, खोकला, वाहतं नाक, लाल डोळे, आणि मग कानामागून व कपाळावरून खाली उतरणारा, पाणी नसलेला लाल पुरळ म्हणजे गोवर असू शकतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवराची साथ आली आणि मुलं दगावली. असं चित्र दिसलं तर पुढची तुलना बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गोवरात 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस द्यायचे असतात, आणि ते घरी अंदाजाने द्यायची गोष्ट नाही.

आणि 'टोमॅटो फ्लू'? २०२२ मध्ये केरळच्या कोल्लम जिल्ह्यातून हे नाव देशभर पसरलं. फ्लूशी त्याचा संबंध नाही. पुढे तपासणीत धागा हँड फूट माउथच्या विषाणूंकडेच गेला. हे नाव ऐकून वेगळी औषधं शोधू नका.

खोली महत्त्वाची की मोरी

कांजण्यांचा विषाणू पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतो. पहिला फोड दिसतो तेव्हा भावंडं त्याच हवेत दोन रात्री झोपून झालेली असतात, आणि रोग न झालेल्या, लस न घेतलेल्या घरच्या दहा माणसांपैकी साधारण नऊ जणांना तो होतो. म्हणून दोन खोल्यांच्या घरात भावंडांना वेगळं ठेवण्याची ओढाताण फारशी फळ देत नाही. तोच जोर दोन गोष्टींवर लावा: धोक्याच्या माणसाला लगेच दुसऱ्या घरी हलवणं आणि भावंडांना लस देणं. संपर्कानंतर तीन दिवसांत, फार तर पाच दिवसांत कांजण्यांची लस दिली तर रोग टळण्याची किंवा सौम्य होण्याची चांगली शक्यता असते. ही लस सरकारी नियमित लसीकरणात नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना १५ महिन्यांना पहिला आणि १८-१९ महिन्यांना दुसरा डोस सुचवते, पण तो खासगीत पैसे मोजून घ्यावा लागतो, त्यामुळे पुष्कळ मुलांचा राहून गेलेला असतो. 'आता घरात आल्याच आहेत, लस कशाला' असं म्हणून हेच पाच दिवस वाया घालवले जातात.

हँड फूट माउथमध्ये सगळी लढाई मोरीत आणि डायपरपाशी असते. विषाणू घशात एक ते तीन आठवडे, तर शौचात कित्येक आठवडे राहतो, मूल पूर्ण बरं होऊन नाचत-बागडत असतानाही. कांजण्यांच्या विषाणूभोवती मेदाचं आवरण असतं, साबणाने ते फुटतं. हँड फूट माउथच्या विषाणूंना असं आवरणच नाही, म्हणून अल्कोहोल आणि सुगंधी फिनाइल यांवर विसंबता येत नाही. हात साबणाने २० सेकंद चोळून वाहत्या पाण्याखाली धुणं हेच खरं, कारण तिथे विषाणू मरण्यापेक्षा वाहून जातो. कधी धुवायचे? डायपर बदलल्यावर, मुलाला धुतल्यावर, नाक-लाळ पुसल्यावर, आणि डबा भरायला घेण्याआधी. मुलाला धुणारं आणि स्वयंपाक करणारं माणूस एकच असेल तर हा शेवटचा मुद्दा सर्वांत मोलाचा.

खेळणी, नळाची चावी, संडासची कडी, पॉट यांसाठी क्लोरीनचं पाणी लागतं. मेडिकलमध्ये मिळणारं सोडियम हायपोक्लोराइट ५ टक्क्यांचं असेल तर २० मिली घेऊन पाण्याने एक लिटर करा; १० टक्क्यांचं असेल तर १० मिली पुरे. ब्लीचिंग पावडर वापरायची तर एक लिटरला ३ ते ४ ग्रॅम, म्हणजे साधारण सपाट चहाचा चमचा. ढवळून गाळ बसू द्या आणि वरचं निवळ पाणी वापरा. पावडरचं पाकीट पावसाळ्यात उघडं राहिलं असेल तर तिचा जोर गेलेला असतो.

चुका होतात त्या अशा: आधी साबणाने धुतलं नाही तर मळ क्लोरीन खाऊन टाकतो. फवारून लगेच पुसलं तर काम होत नाही, दहा मिनिटं ओलं राहू द्यावं लागतं. काल बनवलेलं पाणी आज वापरलं तर ते कमकुवत असतं, रोज ताजं करा. मूल तोंडात घालतं ती खेळणी शेवटी साध्या पाण्याने धुवा. आणि संडास साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये हे पाणी कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. बंद मोरीत हा अपघात जिवावर बेतू शकतो.

कांजण्यांत एवढी धुलाई लागत नाही. चादरी-टॉवेल नेहमीसारखे धुवा, खिडक्या उघड्या ठेवा. पडलेल्या खपल्यांची भीती पुष्कळ घरांत आहे, ती देवीच्या रोगापासून चालत आलेली. कांजण्यांत सगळे फोड सुकून खपली धरली की संसर्ग संपतो.

घरात कुणाला जपायचं

इथे दोन रोगांमधला फरक सर्वांत मोठा आहे. कांजण्या लहान मुलांत बहुधा सरळ निघून जातात, पण मोठ्या माणसाला न्यूमोनिया होऊ शकतो. उष्ण प्रदेशात बऱ्याच जणांना लहानपणी कांजण्या झालेल्या नसतात, त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न फक्त मुलांचा राहत नाही. गरोदर वहिनी किंवा मावशी, तान्हं बाळ, कॅन्सरचं औषध घेणारे काका, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असलेली आजी यांना त्याच दिवशी दूर ठेवा. गरोदर बाईला पूर्वी कांजण्या झाल्या होत्या का, हे तिच्या आईला विचारा. उत्तर 'नक्की आठवत नाही' असेल तर रक्ताच्या तपासणीतून कळतं. तिला लस देता येत नाही. तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन संपर्कानंतर दहा दिवसांच्या आत द्यावं लागतं आणि ते प्रत्येक गावात मिळत नाही, म्हणून फोन आजच करा. बाळंतपणाच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत आईला पुरळ उठला तर बाळाला गंभीर धोका असतो.

अजून एक: आजोबांना नागीण झाली असेल तर तो कांजण्यांचाच विषाणू आहे. तिच्या फोडांतल्या पाण्यातून नातवंडांना कांजण्या होऊ शकतात. नागीण झाकून ठेवा.

हँड फूट माउथमध्ये मोठ्यांना बहुधा सौम्य त्रास होतो. गरोदरपणातही सहसा गंभीर होत नाही, मात्र दिवस भरत आले असतील तर डॉक्टरांना कळवा आणि नवजात बाळाजवळ आजारी मुलाला जाऊ देऊ नका.

ताप, खाज आणि न उतरणारा घास

दोन्हींत तापाला पॅरासिटामॉल, किलोमागे १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. बाटलीवरची ताकद वाचा. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम लागतं: ५ मिलीत १२० असलेल्या सिरपचं ७.५ मिली, पण ५ मिलीत २५० असलेल्याचं फक्त ३.६ मिली. बाटली बदलली आणि माप तेच ठेवलं की दुप्पट डोस जातो. अ‍ॅस्पिरिन मुलांना अजिबात नको. कांजण्यांत आयब्युप्रोफेनही टाळा, त्वचेच्या गंभीर जंतुसंसर्गाशी त्याचा संबंध दिसलेला आहे.

कांजण्यांत नखं कापा, कॅलामाइन लावा, कोमट पाण्याने अंघोळ घाला. 'आई आली आहे' म्हणून बाहेरच्यांना घरात न घेण्याची रीत चांगलीच आहे. पण त्याच भावनेने अंघोळ बंद केली आणि डॉक्टरांना टाळलं तर खाजवलेल्या फोडांत पू होतो. घरातला दुसरा रुग्ण बहुधा पहिल्यापेक्षा जास्त आजारी पडतो. त्याला, तसंच १२ वर्षांवरच्यांना असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतात, आणि ते पुरळ उठल्यापासून २४ तासांत सुरू झालं तरच खरा उपयोग होतो.

हँड फूट माउथमध्ये कसोटी पाण्याची असते. मूल फोडांमुळे नाही, तर गिळताना दुखतं म्हणून न प्यायल्याने इस्पितळात जातं. थंड ताक, मऊ दहीभात, नाचणीचं गार सत्त्व, नारळपाणी, साधं आइस्क्रीम चालतं. लिंबू, संत्रं, टोमॅटो, तिखट आणि खारट टाळा. पॅरासिटामॉल दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने खायला दिलं तर घास उतरतो. पेला नाकारला तर ओआरएस दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा द्या. सहा ते आठ तास लघवी नाही, रडताना अश्रू नाहीत, जीभ कोरडी, अशी वेळ आली तर घरी थांबू नका. तीन दिवसांपुढे टिकणारा जोराचा ताप, झोपेत पुन्हा पुन्हा दचकणं, उलट्या, चालताना तोल जाणं, सुस्ती किंवा वेगाने श्वास यांपैकी काहीही दिसलं तर रात्र असली तरी निघा. क्वचित, पण हँड फूट माउथच्या विषाणूंपैकी एन्टेरोव्हायरस ए७१ या प्रकारात मेंदूवर परिणाम होतो.

शाळा, पाळणाघर आणि परीक्षा

कांजण्यांचं उत्तर सरळ आहे: प्रत्येक फोडाला खपली धरेपर्यंत घरी, साधारण पाच ते सात दिवस. लस घेतलेल्या मुलाला खपलीच येत नसेल तर २४ तासांत नवा ठिपका आला नाही की झालं. परीक्षा असली तरी यात सूट नाही, वर्गातल्या बाईच गरोदर असू शकतात.

हँड फूट माउथमध्ये शौचातला विषाणू संपेपर्यंत थांबणं कुणालाच शक्य नाही. ताप जाऊन २४ तास झाले, लाळ गळणं थांबलं, पाझरणारा फोड राहिला नाही आणि मूल नीट खातंय, इतकं जमलं की पाठवता येतं. बालवाड्या बहुधा पाच ते सात दिवस मागतात आणि ते वाजवी आहे. पाळणाघराला मात्र डायपर बदलताना काळजी घ्यायला सांगा, नुसतं 'बरा झाला' असं कळवू नका.

भावंडाचं गणित वेगळं. हँड फूट माउथ दुसऱ्या मुलाला तीन ते सहा दिवसांत होतो, त्यामुळे दोन आठवड्यांत बहुतेक घरं मोकळी होतात. कांजण्यांना १० ते २१ दिवस लागतात. दोन मुलांच्या घरात हे प्रकरण पाच आठवड्यांपर्यंत लांबू शकतं. रजा, लग्न, रेल्वेची तिकिटं त्या हिशेबाने ठरवा. निरोगी भावंडाला शाळा बुडवायला लावायची सहसा गरज नसते, पण कांजण्यांच्या संपर्कानंतर दहाव्या दिवसापासून रोज सकाळी गणवेश घालताना पाठ-पोट पाहा, आणि आठव्या ते एकविसाव्या दिवसापर्यंत त्याला गरोदर किंवा तान्ह्या बाळाच्या घरी नेऊ नका, कारण पुरळाआधीचे दिवस दिसत नाहीत.

हँड फूट माउथ पुन्हा होऊ शकतो, कारण विषाणू अनेक आहेत आणि भारतात त्यावर लस उपलब्ध नाही. आजार गेल्यावर तीन ते आठ आठवड्यांनी बोटांची नखं मुळापासून सुटून गळू लागली तर घाबरू नका, कॅल्शियमची बाटलीही आणू नका. नखं आपोआप नवी येतात.