यिवू: लान्चौच्या पाटीखालचं ह्वालोंगचं दुकान

चीनमधल्या यिवू या घाऊक बाजाराच्या शहरात पहिल्यांदा खरेदीला निघालेला माणूस मला मालाचे भाव नंतर विचारतो, आधी विचारतो जेवायचं कुठे. माझा अब्दुल रहमान स्ट्रीटवर स्टेशनरीचा घाऊक धंदा आहे. कोविडची वर्षं सोडली तर २०१७ पासून वर्षातून दोनदा फुतियान मार्केटला जातो, आणि दुपारचं जेवण एकाच दुकानात घेतो. मार्केटच्या मागच्या गल्लीत आहे. सहा टेबलं, दारावर हिरव्या अक्षरांत ‘छिंगचन’, म्हणजे हलाल. दारू बाहेरून आणलेलीही चालत नाही.

पाटीवर नाव लान्चौ शहराचं असलं तरी मालक तिथला नाही. नवरा-बायको दोघं छिंगहाई प्रांतातल्या ह्वालोंगची, हुई म्हणजे चिनी बोलणारे मुसलमान. चीनभर ‘लान्चौ लामिएन’, म्हणजे लान्चौची हाताने ओढलेली नूडल्स, असं लिहिलेली जी छोटी दुकानं दिसतात, त्यांतली बरीचशी ह्वालोंगवाल्यांचीच. मुलूख उंचावरचा, थंड आणि कोरडवाहू. शेतीवर घर चालत नाही. १९८०च्या दशकाच्या शेवटी काही जण श्यामेन या किनाऱ्यावरच्या शहरात गेले, दुकान चाललं, मग एकाने भाच्याला बोलावलं, भाच्याने मेव्हण्याला. पुढे ह्वालोंगच्या सरकारनेही शिकवण्या घेतल्या, कर्जं दिली. आमच्या दापोलीकडची घरंच्या घरं अशीच कुवेतला लागली, त्यामुळे मालकाला मला फार सांगावं लागलं नाही.

आता वाडग्याकडे येतो. चांगल्या लामिएनची खूण तिकडे पाच रंगांत सांगतात: रस्सा नितळ, मुळा पांढरा, तिखटाचं तेल लाल, कोथिंबीर हिरवी, नूडल्स पिवळसर. इथला रस्सा खरोखर नितळ असतो. वाडग्याचा तळ दिसतो, तरी जिभेवर हाडांचा दाट स्वाद येतो. नूडल्सची जाडी आपण सांगायची: माओशी केसासारखी बारीक, अर्शी मध्यम, च्युये चपटी, ताख्वान पट्ट्याएवढी रुंद. मी अर्शीच घेतो. बारीक नूडल्स गरम रश्श्यात लगेच मऊ पडतात, रुंद नूडल्सला रस्सा धरत नाही.

शक्यतो काउंटरजवळ बसा. मालक पिठाचा लांब गोळा दोन्ही हातांनी ओढतो, दुमडतो, फळीवर आपटतो, पुन्हा ओढतो. सातव्या दुमडीला एकाचे १२८ धागे होतात, आठव्याला २५६, आणि एवढ्याला मिनिटसुद्धा लागत नाही. पंधराव्या वर्षी काकाच्या दुकानात तो वाडगी उचलायला लागला, दोन वर्षांनी त्याच्या हातात पीठ आलं. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलाय. गर्दी ओसरली की तो मानेवर औषधाची पट्टी लावून बसतो.

उणीवा सांगतो. मांसाच्या चकत्या मोजून चार-पाच, त्याही कागदासारख्या पातळ. पोट भरायचं असेल तर जास्तीचं मांस वेगळं मागावं लागतं. तिखटाचं तेल न विचारता ओततात, आधीच ‘शाओ ला’, म्हणजे कमी तिखट, म्हणा. बारा ते एक जागा मिळत नाही. रस्सा गोमांसाचा असतो. ज्यांना चालत नाही त्यांनी टोमॅटो-अंड्याची कोरडी नूडल्स मागावीत आणि रस्सा नको हे आधी सांगावं. वाडगा १५ युआन, पैसे फोनवरून.

मागे एकदा मी विचारलं, मार्केटच्या तोंडाशी दुकान का घेत नाही? तिथे आधीच एका ह्वालोंगवाल्याचं दुकान आहे, आणि ४०० मीटरच्या आत दुसरं काढायचं नाही, असा त्यांच्यातला अलिखित नियम आहे. म्हणूनच मालकाचा सख्खा धाकटा भाऊ क्वालालंपूरला गेला. तिथे याच जेवणाला मलय भाषेत ‘मी तारिक’, म्हणजे ओढलेली नूडल्स, म्हणतात. मी जिथे माल ठेवतो त्या गोदामाचा मालक याच प्रांतातल्या छिंगथियानचा, त्याचं निम्मं घराणं स्पेनमध्ये. यिवूत असा बाहेर गेलेला माणूस ज्याच्या घरात नाही, असा माणूस मला क्वचितच भेटला.

मला लागून राहिली ती त्यांची मुलगी. २०१७ला ती चौथीत होती, भिंतीकडच्या टेबलावर गृहपाठ करायची. चीनमध्ये १९५८पासून हुकौची नोंद आहे, माणूस कुठल्या गावचा ते त्यावर ठरतं. शेती सोडून मजुरी-धंद्याला लागलेले खेड्यांच्या नोंदीचे लोक २०२४ला जवळपास ३० कोटी होते. ते कुठेही काम करू शकतात, पण मुलांची शाळा त्यांच्यामागे तितक्या सहज येत नाही. इथल्या सरकारी शाळेत पुढे शिकायला आई-बापांचे विम्याचे आणि घराचे कागद लागत होते, ते पुरे नव्हते. मुलगी आजीकडे ह्वालोंगला गेली. तिची आई दुपारी तीन वाजता भांडी बाजूला ठेवून फोन लावते आणि पलीकडून एवढंच विचारते, ‘जेवलीस का?’ मी लहान असताना अब्बा कुवेतहून कॅसेट पाठवायचे, त्यातही पहिलं वाक्य हेच असायचं. त्या वेळी मी दुकानात असलो की हिशेबाची वही बंद करून उठतो.

साडेअकराला पोचा. वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या, आसपास जाऊ नका, दुकान बंद असतं, तेव्हा ते दोघं गावी जातात. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर भिंतीकडचं टेबल धरू नका. सुट्टीत मुलगी येते, ते तिचं आहे.