ट्रेलरची चाक-बेअरिंग: नामांकित सेट घ्यावेत की बिननावाचा किट?

कॅम्पिंग ट्रेलरचं बेअरिंग पळून पळून झिजतं असा समज आहे. आकडे काही वेगळंच सांगतात. १५ इंची रिमचं नेहमीचं ट्रेलर टायर ताशी ९० किलोमीटरला मिनिटाला साधारण ७०० फेरे मारतं, आणि टेपर रोलर (निमुळत्या रोलरच्या) बेअरिंगला ७०० फेरे म्हणजे काहीच नाही. त्याला मारतं ते पाणी, महिनोन्महिने एका जागी उभं राहणं, नटाचा चुकीचा ताण आणि फाटकं सील, म्हणजे ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणारी कडी. म्हणून नवीन बेअरिंग घेताना ‘किती टिकेल’ यापेक्षा ‘नंबर बरोबर आहे का, माल अस्सल आहे का आणि सोबतचं सील कसलं आहे’ हे आधी बघावं. बाजारातल्या पर्यायांचं हे परीक्षण त्याच क्रमाने केलंय.

आधी नंबर

अमेरिकी पद्धतीच्या ३,५०० पौंडी (सुमारे १,५९० किलो) अ‍ॅक्सलच्या प्रत्येक हबमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागात) दोन बेअरिंग असतात, आतल्या बाजूला मोठं आणि बाहेरच्या बाजूला लहान. प्रत्येकाचे दोन भाग. कोन म्हणजे आतली कडी, रोलर आणि त्यांना जागेवर धरणारा पिंजरा एकत्र. कप म्हणजे हबमध्ये ठोकून बसवलेली बाहेरची कडी. या अ‍ॅक्सलवर सर्वांत जास्त दिसणारी जोडी अशी: आत एल६८१४९ कोन आणि एल६८१११ कप, बाहेर एल४४६४९ कोन आणि एल४४६१० कप. सील बहुधा १.७१९ इंच आतल्या व्यासाचं असतं. ५,२०० ते ७,००० पौंडांच्या अ‍ॅक्सलवर आतलं बेअरिंग साधारणपणे २५५८० कोन आणि २५५२० कप असं असतं. बाहेरचं मात्र अ‍ॅक्सलप्रमाणे बदलतं: १५१२३ सोबत १५२४५, एलएम६७०४८ सोबत एलएम६७०१०, किंवा ७,००० पौंडांना १४१२५ए सोबत १४२७६.

‘बहुधा’ आणि ‘साधारणपणे’ हे शब्द मुद्दाम वापरलेत. अ‍ॅक्सलची क्षमता सांगून बेअरिंग मागवणं ही या खरेदीतली पहिली चूक. जुना कोन काढा, पुसा, कडीच्या रुंद तोंडावरचा नंबर वाचा. कपचा नंबर त्याच्या कडेवर असतो. झिजून नंबर गेला असेल तर स्पिंडलवर (हब ज्यावर फिरतो त्या दांड्यावर) तीन ठिकाणी व्हर्निअर लावा: आतल्या बेअरिंगची जागा, बाहेरच्याची जागा आणि सील टेकतं ती जागा.

फसगत कुठे होते तर दोन ठिकाणी. एल४४६४३ आणि एल४४६४९ या दोन्ही कोनांना कप एकच, एल४४६१०. पण पहिल्याचं भोक २५.४ मिलिमीटर, दुसऱ्याचं २६.९९. कप नीट बसला म्हणून कोनही बरोबर असेल असं धरून चालणारा इथे अडकतो. दुसरी जागा जास्त वाईट. एल६८१४९ कोनासोबत एल६८११० आणि एल६८१११ असे दोन कप मिळतात. पहिल्याचा बाहेरचा व्यास ५९.१३ मिलिमीटर, दुसऱ्याचा ५९.९७. फरक मिलिमीटरहूनही कमी, डोळ्याला कळत नाही. पण एल६८१११ च्या हबमध्ये एल६८११० टाकला तर तो हाताने आत सरकतो. कप कधीही हाताने सरकता कामा नये, तो ठोकूनच आत जायला हवा. सैल कप हबमध्ये फिरायला लागतो, भोक खातो आणि मग बेअरिंग नव्हे, अख्खा हब बदलावा लागतो. टिमकेन या बेअरिंग कंपनीच्या सेट क्रमांकांत एल६८११० ची जोडी सेट १३ आणि एल६८१११ ची सेट १७. बाहेरच्या बेअरिंगचा सेट ४. दुकानदाराने ‘चालून जाईल’ म्हणत १३ पुढे केला तर खोका परत सरकवावा.

कोणत्या कंपनीचं?

टिमकेन, कोयो, एनटीएन, एसकेएफ या चारपैकी कुणाचंही घ्या. टेपर रोलर बेअरिंगचं पेटंट हेन्री टिमकेन यांना १८९८ साली मिळालं आणि वर दिलेले क्रमांक याच घराण्यातून आलेत. पण आज त्या क्रमांकाचा चांगला माल इतरही बनवतात. एनटीएन क्रमांकाच्या आधी ‘४टी’ लावतं, एसकेएफ कोन आणि कप एकत्र लिहितं (एल ४४६४९/६१०). ट्रेलरच्या कामाला या चौघांत जाणवेल असा फरक नाही. जे सहज आणि खात्रीच्या विक्रेत्याकडे मिळतं ते घ्यावं. एक पथ्य मात्र पाळावं: कोन एकाचा आणि कप दुसऱ्याचा असं करू नये. मापं जुळतात, पण रोलरच्या पृष्ठभागाची सूक्ष्म गोलाई प्रत्येक कंपनीची आपापली असते. नवा कोन जुन्या कपात टाकणं तर त्याहून वाईट. कप ठोकून काढायचा कंटाळा येतो म्हणून हे सर्रास होतं, आणि जुन्या कपावरचे ओरखडे नव्या रोलरवर उमटतात.

बिननावाचे किट दिसायला आकर्षक असतात: एका हबचे दोन कोन, दोन कप, सील, कॉटर पिन (नट फिरू नये म्हणून घालायची) आणि कधी डस्ट कॅपही, सगळं एका पिशवीत. या किटमधलं पोलाद दर वेळी वाईटच असतं असं नाही. अडचण ही की एका पिशवीतलं चांगलं निघालं म्हणून दुसऱ्या पिशवीतलं तसं निघेल याची काहीही हमी नाही. कोनाचा पिंजरा पातळ पत्र्याचा, रोलर फिरवताना मध्येच अडल्यासारखं वाटणं, घासकामाच्या रेषा डोळ्याला दिसणं, या खुणा अशा मालात वारंवार सापडतात. सगळ्यांत कच्चा दुवा असतो तो किटमधलं सील. त्याचं पुढे.

किटवर ‘एबीईसी ७’ किंवा ‘एबीईसी ९’ असं ठळक छापलेलं दिसलं तर ते शिफारसपत्र समजू नका. एबीईसी हा बॉल बेअरिंगच्या अचूकतेचा वर्ग आहे. इंची टेपर रोलर बेअरिंगचे वर्ग ४, २, ३, ० आणि ०० असे असतात, आणि ट्रेलरला साधा ४ किंवा २ पुरून उरतो. चुकीच्या फूटपट्टीने आपलंच कौतुक करणाऱ्या विक्रेत्याला बेअरिंग कितपत कळतं हे ओळखावं.

एक मधला मार्गही आहे. चांगल्या कंपनीची जुनी बेअरिंग निव्वळ वेळापत्रक म्हणून बदलली असतील आणि धुतल्यावर स्वच्छ दिसत असतील, तर ती ग्रीस भरून, कोन आणि कपची जोडी न मोडता, प्रवासातला सुटा संच म्हणून ठेवावी. नव्या अनोळखी किटपेक्षा हा संच जास्त भरवशाचा.

अस्सल की नक्कल

नावाजलेल्या बेअरिंगच्या नकला भरपूर फिरतात. खोका उघडल्यावर आधी कोन आणि कप दोन्हींवरचा क्रमांक खोक्याशी ताडून बघा. अक्षरं सारख्या खोलीची आणि सरळ ओळीत हवीत, नखाने किंवा थिनरच्या बोळ्याने पुसली जाता कामा नयेत. बेअरिंग गंजरोधक तेलाच्या पातळ थरात, हवाबंद वेष्टनात यायला हवं. बोटाला कोरडं लागलं किंवा तांबूस ठिपका दिसला तर बसवूच नका. दुसऱ्या देशाचं नाव कोरलेलं दिसलं म्हणून मात्र माल नकली ठरत नाही. या कंपन्यांचे कारखाने अनेक देशांत आहेत, आणि एकाच सेटमधला कोन एका देशातला, कप दुसऱ्या देशातला असणं नेहमीचं आहे. एसकेएफचा माल असेल तर त्यांच्या ‘एसकेएफ ऑथेंटिकेट’ अ‍ॅपवरून फोटो पाठवून खात्री करून घेता येते. विक्रेत्याकडचा भाव इतर सगळ्यांपेक्षा फारच खाली असेल तर कारण शोधण्यात वेळ घालवू नका.

सील: जिथे पैसा वाचवू नये

दुहेरी ओठाचं, आत गोल स्प्रिंग असलेलं सील सुटं विकत घ्यावं, किटमध्ये आलेलं असलं तरी. किटमधली बरीच सील एकेरी ओठाची असतात. सील फाटलं की दोन्हीकडून नुकसान होतं: आत पाणी आणि धूळ, बाहेर ग्रीस. आणि ते ग्रीस जातं थेट ब्रेकवर. विजेच्या ब्रेकचे शू ग्रीसने माखले की धुऊन वाचत नाहीत, आणि एका बाजूचे बदलले तर दुसऱ्या बाजूचेही बदलावे लागतात, नाहीतर ट्रेलर ब्रेकला एकीकडे ओढतो. सीलवर वाचवलेली रक्कम इथे कितीतरी पटीने जाते.

स्प्रिंगची बाजू ग्रीसकडे, म्हणजे हबच्या आत. ओठावर बोटाने ग्रीस फिरवा. सपाट लाकडी ठोकळा ठेवून चहूबाजूंनी सारखं ठोका, एका कडेला ठोकलं की सील वाकतं. स्पिंडलवर सील टेकतं तिथे नखाला लागेल असा ओरखडा असेल तर कितीही भारी सील टिकणार नाही. तिथे बारीक पॉलिश कागद गोल फिरवावा, आडवा घासू नये.

एकाच अ‍ॅक्सलच्या ट्रेलरला एकूण चार कोन, चार कप आणि दोन सील लागतात. दोन अ‍ॅक्सलला आठ, आठ आणि चार. सील एक-दोन जास्त घ्या, कारण ते बसवताना बिघडतंच. कॉटर पिन दर वेळी नवी.

जुनं बेअरिंग काय सांगतं

नवं बसवण्याआधी जुनं नीट वाचलं तर पुढचा खर्च वाचतो. कपावर रोलरच्या अंतराइतक्या अंतरावर काळपट रेषा दिसल्या तर ओलावा शिरला होता आणि ट्रेलर बराच काळ हलला नव्हता; दोष सीलचा आणि साठवणीचा. पिवळट ते निळसर झाक म्हणजे बेअरिंग तापलंय, पोलादाचा कठीणपणा गेलाय. रोलरच्या मोठ्या टोकांवर घासल्याच्या खुणा असतील तर ग्रीस कमी पडलं किंवा नट फार आवळला होता. रंगाच्या पोपड्यासारखा पोलादाचा पापुद्रा सुटला असेल तर चर्चाच नको. आणि धुतलेलं बेअरिंग हवेच्या झोताने गरगर फिरवून वाळवण्याची खोड सोडा, पिंजरा तुटून रोलर गोळीसारखा उडू शकतो.

बसवताना

कप आत घालताना जाड कड आधी, उतरतं तोंड बाहेर. पितळी ड्रिफ्टने (ठोकायच्या दांड्याने) समोरासमोर आळीपाळीने ठोका. पूर्ण बसला की हातोडीचा आवाज बदलतो, बोदा असतो तो टणक होतो. कप आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवला तर काम हलकं होतं.

ग्रीस एनएलजीआय २ (घट्टपणाचा दर्जा), लिथियम कॉम्प्लेक्स आणि ‘जीसी-एलबी’ (चाकाच्या बेअरिंगला चालणारं) शिक्का असलेलं. जुनं कोणतं आहे ठाऊक नसेल तर सगळं धुऊनच नवीन भरा. पॉलियुरिया आणि लिथियम जातीची ग्रीस एकत्र आली की अनेकदा मिश्रण पातळ होऊन वाहतं. कोनाच्या रुंद बाजूने तळहातावर दाबत राहा, दुसऱ्या टोकाला रोलरमधून ग्रीस बाहेर येईपर्यंत. स्पिंडलच्या टोकाला ग्रीस निप्पल असलेल्या अ‍ॅक्सलवर हे काम पंपावर सोपवलं जातं. पंप मारायचाच तर चाक फिरवत, हाताच्या गनने, सावकाश. हवेच्या दाबावर चालणारी गन सीलच्या पार ग्रीस ढकलते. आणि अधूनमधून निप्पल मारलं म्हणून हब उघडून पाहणं टळत नाही.

स्पिंडलचा नट: हब फिरवत ५० फूट-पौंडांपर्यंत (६८ न्यूटन-मीटर) आवळा, मग हब न फिरवता ढिला करा, पुन्हा फक्त बोटांनी टेकवा आणि पिन घाला. चाकाला अगदी किंचित प्ले (मोकळीक) राहायला हवा, ०.०२५ ते ०.२५ मिलिमीटर. ‘थोडं आवळून टाकू’ हा मोह या जागी सगळ्यात महाग पडतो.

युरोपियन पद्धतीच्या कॅराव्हानवर यातलं जवळपास काहीच लागू होत नाही. तिथे बंद, जोड-ओळीचं बेअरिंग असतं, त्यात ग्रीस भरायचं नसतं. अल-कोच्या हबवर एकदाच वापरायचा नट २९० न्यूटन-मीटरला आवळतात आणि काढला की तो टाकून देतात. साधा टॉर्क रेंच तिथवर पोहोचत नाही, तेवढ्या क्षमतेचा नसेल तर काम कार्यशाळेत द्यावं.

नवीन बेअरिंगनंतर पहिल्या १५-२० किलोमीटरला थांबा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने सगळे हब तपासा. आकडा किती यापेक्षा त्यांतला एकच वेगळा पडतोय का ते बघा; ब्रेक जोरात वापरले असतील तर सगळेच गरम लागतील. चाकाचे नट १६, ४० आणि ८० किलोमीटरला पुन्हा टॉर्कला आणा. पुढची उघडझाप १२ महिन्यांनी किंवा सुमारे १९,००० किलोमीटरला, जे आधी येईल ते. उभ्या राहणाऱ्या ट्रेलरला नेहमी १२ महिनेच आधी येतात.