कझन की ईल ओ एग्रेट? बेटावर कामाला जाण्याआधी

परदेशातल्या एखाद्या बेटावर स्वयंसेवक म्हणून जायचंय, निसर्गासाठी काहीतरी करायचंय, असं कुणी म्हटलं की मी हिंदी महासागरातली दोन बेटं पुढे ठेवते: सेशेल्समधलं कझन आणि मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्याजवळचं ईल ओ एग्रेट. दोन्ही ३० हेक्टरपेक्षा लहान, दोन्हीकडे काम सच्चं. पण एकाला मानवणारा माणूस दुसरीकडे कंटाळू शकतो.

कझन पूर्वी नारळाची बाग होती. सेशेल्स वॉर्बलर नावाचा इवलासा पक्षी जगात फक्त तिथेच उरला होता, तोही जेमतेम तिसाच्या आसपास. म्हणून १९६८ साली पक्षिरक्षकांनी हे बेट विकत घेतलं, नारळ हटवले आणि मूळचं रान वाढू दिलं. पुढे हाच वॉर्बलर इथून इतर बेटांवर नेऊन वसवला गेला. बेटावर उंदीर नाहीत, त्यामुळे समुद्रपक्षी बिनधास्त झाडाच्या बुंध्याशी जमिनीवर अंडी घालतात, आणि चालताना तुमची नजर सतत पायाखाली लागते.

बेटाला होडी लावायचा धक्का नाही. होडी वेग घेऊन थेट वाळूवर चढवतात. उंदीर किंवा बी चोरून येऊ नये म्हणून पर्यटकांनाही बेटाच्याच होडीतून आणतात. सकाळी त्यांना फिरवून आणायचं काम स्वयंसेवकाच्या वाट्याला येऊ शकतं, तेव्हा इंग्रजी बोलायची तयारी ठेवा, फ्रेंच येत असेल तर उत्तमच.

खरं आकर्षण कासवांचं. आपल्या कोकणातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले रात्री किनाऱ्यावर येते, इथे हॉक्सबिल भर उन्हात येते. मोठा हंगाम साधारण ऑक्टोबर ते जानेवारी. किनाऱ्याची फेरी मारायची, वाळूत कासवाचा माग दिसला की दूर थांबायचं, मादी अंडी घालू लागली की मगच जवळ जायचं. पाठीच्या कवचाचं माप घ्यायचं, पुढच्या वल्ह्यासारख्या पायावरचा धातूचा बिल्ला वाचायचा, नोंद करायची. मग पुन्हा फेरी. किती तरी वेळा मादी वर येते, खणते, तिला जागा पसंत पडत नाही आणि ती परत जाते. तुमचा अख्खा तास गेलेला असतो. रात्री शिअरवॉटर पक्षी बिळांतून लहान मूल रडावं तसा टाहो फोडतात. पहिल्या रात्री झोप लागेलच असं नाही.

ईल ओ एग्रेटचं काम याच्या अगदी उलट, संथ. मॉरिशसची गुलाबी कबुतरं १९९० च्या सुमारास रानात दहाच्या आसपास उरली होती. आज त्यांची संख्या शेकड्यांत आहे. ती अशीच वाढली नाहीत. कुणीतरी रोज ठरलेल्या जागी दाणा ठेवला, दुर्बिणीतून पायातल्या रंगीत कड्या वाचल्या, कोण कुणाबरोबर जुळलं आणि घरटं कुठे बांधलं ते लिहिलं. काही आठवड्यांत प्रत्येक पक्षी ओळखीचा होतो. याखेरीज परकं तण उपटायचं आणि एबनी या काळ्या लाकडाच्या झाडाची रोपं सांभाळायची. २००० पासून इथे सेशेल्समधल्या अल्डाब्रा बेटाची महाकाय कासवं सोडली आहेत. नामशेष झालेल्या मॉरिशसच्या कासवांची जागा ती घेतात, फळं खातात, बिया पसरवतात.

इथे मुख्य किनारा एक किलोमीटरही दूर नाही, तिथल्या माहेबूर गावाचा सोमवारचा बाजार गाठता येतो. मनाने एकटं पडणाऱ्याला हा मोठा आधार आहे. त्यातून मॉरिशसमध्ये मराठी लोक आहेत, एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज. शाळांतून मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. पण बेटाजवळ माणसं असण्याचं दुखणंही आहे. जुलै २०२० मध्ये वाकाशिओ जहाज जवळच्या प्रवाळखडकावर रुतलं, ऑगस्टमध्ये तेल सांडलं आणि ईल ओ एग्रेटपर्यंत पोचलं. तेव्हा लोकांनी उसाचं पाचट कापडी नळ्यांत भरून पाण्यात अडसर घातले. ते वाचताना माझा गळा दाटून आला होता.

तिसरा पर्याय, मॉरिशसच्या उत्तरेचं राउंड आयलंड, मी सहसा सुचवत नाही. होडीतून उडी मारून ओल्या खडकावर उतरावं लागतं. ज्याने आधी क्षेत्रकाम केलंय त्यानेच विचार करावा.

आता माझं मत. तुमच्याकडे महिनाभरच असेल आणि शरीराने धडधाकट असाल तर कासवांच्या हंगामात कझन. काही महिने देता येत असतील, पुढे जीवशास्त्रात काम करायचं असेल, तर ईल ओ एग्रेट. पक्ष्यांची नावानिशी ओळख पटायला तेवढा काळ लागतोच. पैशाबाबत आधीच स्पष्ट विचारा: काही कार्यक्रम स्वयंसेवकाकडून शुल्क घेतात, काहींत राहायची सोय होते पण विमानभाडं आपलं. पर्यटक म्हणून मिळणाऱ्या शिक्क्यावर काम करता येईल असं धरून चालू नका; संस्थेचं पत्र हाती आल्याशिवाय तिकीट काढू नका.

आणि मन ठरत नसेल तर आधी फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळासला जाऊन या. पहाटे घरट्याशी उभं राहून पिल्लांची वाट बघायची, ती निघाली नाहीत तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या पहाटेही उठावंसं वाटलं, तर पासपोर्ट काढायला हरकत नाही.