फोंड्यातील पालक-समुपदेशन सत्रे: मुलगा आणि मुलगी, दोघांच्याही रागाची दखल

किशोरवयीन मुलांच्या आक्रमक वर्तनाविषयी फोंड्यातील एका समुपदेशन केंद्राने सुरू केलेल्या पालक-सत्रांना आम्ही मुलगा आणि मुलगी अशा दोघांसाठी गेलो. या वयाची मुले घरात असणाऱ्यांनी तेथे अवश्य जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या सेवेचे खरे बळ तिच्या प्रश्नावलीत आहे. मारामारी आणि आदळआपट एवढ्यावर न थांबता एखादीला घोळक्यातून बाजूला पाडणे, तिच्याविषयी कंड्या पिकवणे, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून तिला काढून टाकणे हेही तीत आक्रमकता म्हणून नोंदवले जाते, आणि विशेष म्हणजे हेच प्रश्न मुलग्यांनाही विचारले जातात. ते योग्यच आहे, कारण २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक संशोधन-आढाव्यात प्रत्यक्ष मारहाणीत मुलगे ठळकपणे पुढे असले, तरी आडून दिल्या जाणाऱ्या त्रासात दोघांतला फरक नगण्य आढळला होता.

समुपदेशक बाईंनी न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांच्या दीर्घ अभ्यासाचा आधार घेतला. घरातील कलह, धाकदपटशाची शिस्त आणि वाईट संगत या गोष्टी दोघांनाही बाधतात. मात्र लहानपणापासूनची अतिचंचलता व भाषाविकासातील अडचणी मुलग्यांत अधिक दिसत असल्याने दीर्घकाळ टिकणारे समाजविघातक वर्तनही त्यांच्यातच अधिक आढळते. मुलींच्या बाबतीत पाळी लवकर येणे हा वेगळा धोका ठरू शकतो, आणि ज्यांचे वर्तन आधीपासून अडचणीचे होते त्यांच्यात तो जास्त जाणवतो, हे त्यांनी कोणताही संकोच न बाळगता सांगितले. आपल्याकडे हा विषय आईच्या कानापलीकडे जात नाही, म्हणून त्यांचे मला कौतुक वाटले.

समुपदेशक बाई घरातले शेवटचे भांडण क्रमाने सांगायला लावतात: आधी कोण बोलले, कोण दारात उभे होते, हात कोणी उगारला. मोघम उत्तर त्या चालवून घेत नाहीत.

उणिवाही आहेत. संभाषण मराठी-कोंकणीत चालत असले, तरी छापील अर्ज इंग्रजीत आहे, आणि माझ्या शेजारच्या आईला प्रत्येक ओळ विचारून भरावी लागली. सत्रे कामाच्या दिवशी सकाळी असल्याने वडील जवळजवळ येतच नाहीत, त्यामुळे त्यांच्या धाकाची चर्चा त्यांच्या गैरहजेरीत होते. केंद्राने मराठी अर्ज आणि रविवारचे सत्र, या दोन्हींची सोय लवकर करावी.