बसस्थानकातला फळा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या महिन्यात आमच्या मध्यवर्ती बसस्थानकातला डिजिटल फलक नऊ दिवस बंद होता, आणि आठ महिन्यांच्या माझ्या प्रवासातले तेच नऊ दिवस सर्वांत निर्धास्त गेले. दहाव्या दिवशी फलक पुन्हा सुरू झाला तेव्हा मला अतिशय वाईट वाटले. हा अनुभव लिहायला बसण्याचे कारण तेच आहे.

फलाट किती, मार्ग कोणते, पास कोठे मिळतो, ही माहिती रोजच्या प्रवाशांना असतेच, म्हणून ती पुन्हा देत नाही. माझा वापर कसा आहे एवढेच सांगते. घराजवळून स्थानकापर्यंत येणारी बस दर दहा मिनिटांनी आहे, आणि स्थानकावरून कामाच्या ठिकाणी जाणारी बस चाळीस मिनिटांनी एक. आठवड्यातून पाच दिवस सकाळी आणि संध्याकाळी मी या स्थानकात बस बदलते. त्यामुळे माझ्यासाठी स्थानकाची परीक्षा एका बसमधून उतरून दुसरीत बसेपर्यंतच्या वेळेत होते.

सुरुवातीला मी थेट बस नसल्याबद्दल चिडत असे. पुढे कागदावर हिशेब मांडला तेव्हा तो राग पुष्कळसा ओसरला. शहरात दहा वस्त्या आहेत असे धरले आणि प्रत्येक वस्तीतून प्रत्येक वस्तीला थेट बस द्यायची ठरवली, तर पंचेचाळीस मार्ग लागतील. तेच सगळे मार्ग एका मध्यवर्ती स्थानकात आणून मिळवले तर दहा मार्गांत काम भागते, आणि जेवढ्या गाड्या पंचेचाळीस मार्गांवर विरळ पसरल्या असत्या तेवढ्याच दहा मार्गांवर दाट धावतात. माझ्या घराजवळ दहा मिनिटांनी बस येते ती यामुळेच. मात्र या सोयीची किंमत प्रवाशाला वाट पाहून मोजावी लागते. वाहतुकीचे नियोजन करणारे थांब्यावरचे एक मिनिट बसमधल्या साधारण दोन मिनिटांइतके जड धरतात, आणि ज्याला पुढची बस केव्हा येणार हे कळत नाही त्याला ते त्याहूनही जड जाते, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकते.

स्थानकाच्या बांधणीबद्दल माझी तक्रार नाही. फलाट करवतीच्या दातांसारखे तिरपे आहेत, त्यामुळे बारा मीटर लांबीची बस पुढची गाडी हलण्याची वाट न पाहता आपली आपण बाहेर पडते. सरळ फलाटावर एक गाडी अडली की मागच्या सगळ्या अडतात, आणि जेथे गाडी मागे घेऊन काढावी लागते तेथे वेळही जातो आणि मागून चालणाऱ्या माणसाला धोकाही असतो. येथे तसे होत नाही. बाके पुरेशी आहेत, प्रकाश चांगला आहे, स्वच्छतागृह बऱ्यापैकी ठेवलेले असते.

आता फलकाविषयी. फलकावर मार्ग क्रमांक, सुटण्याची वेळ आणि फलाट दिसतो. घड्याळात ती वेळ झाली की ती ओळ आपोआप नाहीशी होते, मग बस आलेली असो वा नसो. या एका गोष्टीने मला जेवढा त्रास दिला तेवढा उशिरा आलेल्या सगळ्या बसगाड्यांनी मिळून दिलेला नाही. नऊ वीसची बस आहे आणि मी नऊ एकवीसला फलाटावर पोहोचले, तर फलकावर माझी ओळ नसते. बस निघून गेली की अजून यायची आहे, हे मला कळण्याचा मार्ग उरत नाही. निघून गेली असेल तर चाळीस मिनिटे थांबायचे. यायची असेल तर जागेवरून हलायचे नाही. या दोन परिस्थितींत माणसाने करायच्या गोष्टी अगदी वेगळ्या आहेत, आणि फलक दोन्ही वेळा सारखाच कोरा असतो.

दुसऱ्याच महिन्यात याची झळ बसली. ओळ गेलेली पाहून बस चुकली असे मी समजले, बाहेर येऊन भाड्याचे वाहन केले, आणि स्थानकाच्या फाटकापाशीच माझी बस शेजारून पुढे गेली. त्या एका फेरीला पासच्या कित्येक दिवसांएवढे पैसे गेले. मी जपून खर्च करणारी आहे, पास काढण्यापूर्वी किती फेऱ्यांत तो वसूल होतो हे मोजूनच काढला होता, आणि तो सगळा हिशेब एका चुकीच्या फलकामुळे त्या महिन्यात बिघडला. चौकशी खिडकीवर विचारले तेव्हा सांगण्यात आले की फलक छापील वेळापत्रकावर चालतो, गाड्यांच्या प्रत्यक्ष ठिकाणाशी तो जोडलेला नाही.

वेळापत्रक आणि प्रत्यक्ष स्थिती या दोन निरनिराळ्या माहित्या आहेत, हे या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. आज जगभरच्या बससेवा ज्या ठरावीक साच्यात आपले वेळापत्रक देतात तो २००५ च्या सुमारास अमेरिकेतील पोर्टलंडच्या वाहतूक संस्थेने आणि गूगलने मिळून आणला, आणि गाडी आत्ता कोठे आहे, किती मागे पडली आहे हे सांगणारी त्याची जोड २०११ मध्ये आली. ज्या फलकाला दुसरी माहिती मिळत नाही त्याने निदान ओळ तरी पुसू नये, बस सुटेपर्यंत ती तशीच राहू द्यावी, एवढीच माझी अपेक्षा होती आणि आजही आहे.

फलक बंद पडला त्या दिवशी सकाळी नियंत्रकांच्या खोलीबाहेर एक जुना फळा आणून ठेवलेला दिसला. त्यावर खडूने तीन रकाने आखले होते : मार्ग, आली, सुटणार. नियंत्रक दुसऱ्या टोकाच्या नियंत्रकांना फोन करून विचारत आणि लिहीत. माझ्या मार्गासमोर त्या दिवशी ‘आलेली नाही’ असे दोन शब्द होते. सहा महिन्यांहून अधिक काळ जे मला हवे होते ते या दोन शब्दांत होते. मी बाकावर बसले, पिशवीतले कागद काढून वाचू लागले, आणि बस अकरा मिनिटे उशिरा आली तरी मला त्रास वाटला नाही. पुढचे आठ दिवसही असेच गेले. एकदा तर माझी पहिली बस रस्त्यात अडकली होती, आणि ती फाटकाशी आलेली पाहून नियंत्रकांनी दर चाळीस मिनिटांनी सुटणारी आमची बस तीन मिनिटे थांबवून धरली. आमच्यातले पाच-सहा जण त्यामुळे वेळेवर पोहोचले. दर दहा मिनिटांनी येणाऱ्या बससाठी असे थांबवणे योग्य नाही, कारण आत बसलेल्यांचा आणि पुढच्या थांब्यांवरच्यांचा वेळ जातो; परंतु विरळ मार्गावर तीन मिनिटांचा खोळंबा कोणाचे तरी चाळीस मिनिटांचे थांबणे वाचवतो.

या दिवसांत नियंत्रकांशी दोनदा सविस्तर बोलता आले, आणि तेथे माझे मत बदलले. तोपर्यंत मी सगळा दोष फलकाला देत होते. त्यांनी शांतपणे समजावले की फलक वेळापत्रक दाखवतो आणि मुळात वेळापत्रकच पाळता येण्यासारखे राहिलेले नाही. दोन फेऱ्यांच्या मध्ये गाडी स्थानकात काही वेळ उभी राहते ती चालक-वाहकांच्या विश्रांतीसाठी असते, तशीच आधीच्या फेरीचा उशीर भरून काढण्यासाठीही असते. जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेच्या साधारण दहा ते पंधरा टक्के वेळ यासाठी राखावा असा संकेत आहे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे आमच्या मार्गांवर तेवढ्याच गाड्यांत एक फेरी जास्त बसवण्यासाठी ही सवड कापली गेली. मग सकाळच्या पहिल्या फेरीचा पाच मिनिटांचा उशीर दुपारपर्यंत वीस मिनिटांचा होतो, कारण तो मधे कोठे फिटतच नाही. उभी असलेली बस पाहून मी पूर्वी मनातल्या मनात चालकांना दोष देत असे. ते चुकीचे होते, आणि ते येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

हेच दहा मिनिटांच्या मार्गावरही घडते. बस बरोबर दहा मिनिटांनी येत असतील तर केव्हाही थांब्यावर आलेल्या माणसाला सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. तेवढ्याच बस जर आळीपाळीने दोन आणि अठरा मिनिटांनी आल्या तर सरासरी आठ मिनिटांपलीकडे जाते, कारण बहुतेक माणसे अठरा मिनिटांच्या मोठ्या खंडातच येऊन पोहोचतात. म्हणून कागदावर वाढवलेल्या एका फेरीने सेवा वाढत नाही. स्थानकातली पाच-सात मिनिटांची सवड ज्यांनी कापली त्यांनी प्रवाशांचीच वेळ खर्ची घातली, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

स्थानक मोठे आणि नवे बांधण्याची मागणी अधूनमधून ऐकू येते. माझा तिला पाठिंबा नाही. तेल अवीवच्या मध्यवर्ती स्थानकाचे काम १९६७ मध्ये सुरू झाले आणि ते १९९३ मध्ये उघडले. इमारत अवाढव्य झाली, पण आत वाट सापडत नाही हीच तिची ओळख राहिली. त्याउलट ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९७४ पासून बससाठी राखीव मार्ग आणि त्यांना जोडणारी स्थानके उभी केली, आणि तेथील जोडस्थानकांत एकदा पैसे भरून आत आलेला प्रवासी दुसरे तिकीट न काढता बस बदलतो. आमच्याकडे पास नसलेल्या माणसाने बस बदलली की पुन्हा तिकीट काढावे लागते. म्हणजे थेट बस न मिळाल्याची भरपाई त्याच्याकडूनच घेतली जाते. हे मला फलकाइतकेच खटकते, आणि ते बदलायला बांधकामाची गरज नाही.

दुरुस्त झालेला फलक पूर्वीसारखाच ओळी पुसतो. फळा खोलीच्या मागे भिंतीला टेकवून ठेवला आहे. तो पुन्हा बाहेर ठेवावा, बस सुटेपर्यंत फलकावरील ओळ काढू नये, आणि विरळ मार्गांची कापलेली सवड परत द्यावी, अशा तीन विनंत्यांचा अर्ज मी लेखी दिला असून त्याची पोच घेतली आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.

ज्यांची दुसरी बस दहा-पंधरा मिनिटांनी आहे त्यांनी हे स्थानक निःसंकोच वापरावे, त्यांना तक्रारीला फारशी जागा नाही. ज्यांची दुसरी बस माझ्यासारखी विरळ आहे त्यांनी घरून एक बस आधी निघावे, आणि फलकावर ओळ दिसली नाही तर बाहेर पडण्यापूर्वी नियंत्रकांना विचारावे. ते नेमके सांगतात. तिमाही पास मासिकापेक्षा स्वस्त पडतो हे मला माहीत आहे, तरीही अर्जाचे उत्तर येईपर्यंत मी तो काढणार नाही. या महिन्याचा मासिक पास मात्र काढला आहे.